तीन सह्या, एक नजर

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा.)

आजचा विषय ऐकून काहीजण लगेच पुढचा एपिसोड लावतील, म्हणून आधीच सांगते, पाच मिनिटं थांबा. तुमच्यापैकी जे नोकरीला लागलेत किंवा लागणार आहेत, त्यांच्या फोनवर एक ना एक दिवस ते हिरवं बटण येणारच आहे. अ‍ॅप्रूव्ह. कुणाची रजा, कुणाचा खर्च, कुणाचं बजेट. माझ्याकडून त्या बटणाने एक चूक झाली, तीच आज सांगायचीय.

मी पुण्यात एका कंपनीत फायनान्सला होते. तिथे दर तिमाहीचा अंदाज, म्हणजे फोरकास्ट, सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. आधी ते चालतं कसं ते सांगते.

तहसील कचेरीतली फाइल आठवा. लिपिक, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार. फाइल एकेक टेबल वर चढते. प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही तेच होतं. ऑरॅकलचं प्लॅनिंग घ्या. पूर्वी ते हायपेरियन नावाने ओळखलं जायचं, २००७ मध्ये ऑरॅकलने ती कंपनी विकत घेतली. त्यात बजेटचे तुकडे पाडतात. कुठला विभाग, कुठला सिनारिओ, कुठली आवृत्ती, या तिघांचा मिळून एक तुकडा. त्याला म्हणतात प्लॅनिंग युनिट. प्रत्येक युनिटला एका वेळी एकच मालक असतो. बदल करायचा हक्क त्याच्याकडे, बाकीच्यांनी फक्त बघायचं. त्याने प्रमोट दाबलं की मालकी वरच्या माणसाकडे जाते. म्हणजे पेन एकच आहे आणि ते हातातून हातात वर जातंय. वरच्याला पटलं नाही तर तो रिजेक्ट करतो आणि पेन खाली येतं. शेवटी सगळं फ्रीझ झालं की कुणालाच हात लावता येत नाही. अशा प्रकारची बहुतेक सॉफ्टवेअर थोड्याफार फरकाने याच पद्धतीने चालतात.

आता माझी गोष्ट. सप्टेंबर महिना. ऑक्टोबर ते डिसेंबरचा फोरकास्ट चालू होता. आमच्या एका गोडाऊनचे सुपरवायझर, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, त्यांनी दिवाळीच्या गर्दीसाठी हंगामी हमालांचा खर्च भरला. आठ माणसं, पंचेचाळीस दिवस, रोजचे हजार रुपये. तीन लाख साठ हजार. फॉर्म हजारांत होता, म्हणजे ३६० टाकायचं. त्यांच्याकडून ३६ पडलं. खाली टीप मात्र बरोबर लिहिली होती, 'दिवाळीसाठी ८ हमाल, ४५ दिवस'.

ते युनिट माझ्याकडे आलं. त्या दिवशी माझ्याकडे अशी चौदा युनिट होती. आकुर्डीहून शिवाजीनगरला लोकलने जाता जाता, उभ्याउभ्या, मी चौदाच्या चौदा प्रमोट केली. मी काय पाहिलं? एकूण खर्च मर्यादेच्या आत आहे ना, रंग हिरवा आहे ना. टीप उघडली नाही. आणि सिस्टिमनेही अडवलं नाही, कारण तपासणीचे नियम आम्हीच लावले होते आणि ते सगळे जास्त खर्च पकडायला होते. कमी पडलेला आकडा कुठल्याच नियमात अडकत नाही.

माझ्या वर डिव्हिजनच्या मॅडम, त्यांच्या वर फायनान्स हेड. दोघांनीही पुढे सरकवलं. त्यांना मी दोष देत नाही, का ते ऐका. कचेरीत वरच्या साहेबाकडे अख्खी फाइल जाते, उघडली तर प्रत्येक कागद दिसतो. आमच्याकडे वरच्याच्या स्क्रीनवर आधी बेरीज येते. मॅडमना दिसत होते सगळ्या विभागाचे नऊ कोटी. त्यात सव्वातीन लाखांची चूक अर्धा टक्कासुद्धा नाही. जितकं वर जाल तितकी ओळ दिसेनाशी होते. कागदोपत्री तीन जणांची मंजुरी होती, पण ती ओळ दिसेल अशा जागी मी एकटीच होते.

गुरुवारी संध्याकाळी काकांचा फोन. "मॅडम, ते छत्तीस नाही हो, तीनशे साठ पाहिजे होतं. आता मला बदलता येईना." त्यांना येणार नव्हतंच, पेन वर गेलं होतं. मलाही येईना. फायनान्स हेडनी रिजेक्ट करायचं, मग मॅडमनी, मग मी, तेव्हा ते काकांकडे परत येणार. शनिवारी फ्रीझ.

मी म्हटलं, "काका, बघते मी."

आणि खरं सांगू? मी काहीच केलं नाही. मॅडमना सांगायचं म्हणजे 'मी न बघता पाठवलं' हे कबूल करायचं. शुक्रवारचा दिवस मी तसाच घालवला. संध्याकाळी एक गुळमुळीत ईमेल टाकला, 'एका ओळीत थोडा बदल असू शकतो' असा. तो कुणी उघडलाही नाही. शनिवारी फ्रीझ झालं.

सोमवारी जाऊन सगळं सांगितलं. मॅडम चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळी सांगितलं असतंस तर तीन फोनचं काम होतं गं."

मग जादा खर्चाचा वेगळा अर्ज. तो मंजूर व्हायला तीन आठवडे गेले. छत्तीस हजारांत आठ माणसं साडेचार दिवस येतात, तेवढीच आली. बाकीचे दिवस गोडाऊनच्या कायमच्या चार जणांनी काढले. रात्री ट्रक बाहेर उभे असायचे. मी तिकडे गेले तेव्हा काकांच्या कमरेला पट्टा होता. चोपन्नाव्या वर्षी ते स्वतः खोकी उचलत होते.

त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही बघणार आहात म्हणून मी परत पाहिलं नाही." मला घोट गिळवेना. कारण मीसुद्धा तेच केलं होतं. खाली काकांनी पाहिलंय, वर मॅडम बघतील, मग मी कशाला?

त्यानंतर आम्ही एक नियम लावून घेतला. कुठलीही ओळ गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या निम्म्याहून खाली गेली, की कारण लिहिल्याशिवाय युनिट पुढे जातच नाही. सॉफ्टवेअरला असं सांगता येतं, फक्त कुणीतरी सांगावं लागतं.

माझ्यापुरतं म्हणाल, तर मी आता टीप आधी वाचते आणि आकडा नंतर. मोठी मंजुरी चालत्या गाडीत देत नाही. रजेवर जाताना माझ्या जागी कोण बघणार ते सिस्टिममध्ये नेमून जाते, नाहीतर पेन माझ्याच खिशात राहतं आणि खालचे सगळे खोळंबतात. आणि चूक कळली की आधी फोन करते, ईमेल नंतर.

रिजेक्टची भीती मात्र अजून पूर्ण गेलेली नाही. लाल बटण दाबलं की समोरच्याला अपमान वाटेल असं वाटत राहतं. अशा वेळी मला तो पट्टा आठवतो.

तुमच्या हातूनही न बघता असं काही पुढे गेलंय का? कंपनीचं नाव न घेता व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि आत्ता एखादी मंजुरी तुमच्या फोनवर अडकून पडली असेल, तर हा एपिसोड बंद करा आणि ती आधी उघडून वाचा. भेटू पुढच्या आठवड्यात!