वर जाण्याआधी जमीन

किहीमच्या वाड्यांत माड साफ करायला, सुरूच्या फांद्या उतरवायला कधी कधी माणसाला टोपलीत उभं करून उंच नेणारी गाडी येते. बूम लिफ्ट म्हणतात तिला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, झाडं तारांवर आडवी झाली. उंचावरचं काम किती जोखमीचं, ते तेव्हा साऱ्या अलिबाग तालुक्यानं पाहिलं.

अशी गाडी आली की आपण सगळे वर बघत राहतो. कवी मंडळींना तर ती सवयच! पण गाडी कलंडते ती खालून. आपली जमीन म्हणजे पुळण, वर पाचोळा. त्याखाली बुजवलेली विहीर असेल, शोषखड्डा असेल, शिंपण्याचा जुना पाट असेल. डांबरी रस्त्यावर काम करून आलेल्या चालकाला हे कसं कळावं? ते वाडीवाल्यानंच सांगायला हवं. ‘त्यांचं ते बघतील’ म्हणून ओटीवर बसून राहणं मला तरी बरं वाटत नाही. टोपलीत कुणाचा तरी मुलगा उभा असतो.

हिशेब साधा आहे. एका बाजूचा टेकू वाळूत रुतून गाडी 2 अंश कलली, तर 12 मीटर उंचीवरची टोपली सव्वा फुटाहून अधिक बाजूला जाते. ती गेली की त्याच टेकूवर भार आणखी वाढतो. म्हणून टेकूखाली जाड फळी हवी. फूटभर लांबी-रुंदीच्या टेकूखाली तीन फूट लांब-रुंद, न वाकणारी फळी घातली की तोच भार नऊपट जागेवर पसरतो. विटांची चळत नको, ती सटकते. आणि पावसाची सर येऊन गेली की फळ्या पुन्हा पाहाव्यात.

माडावर चढणारा माणूस झाडालाच धरून असतो. टोपलीत हीच सवय घात करते. पट्टा टोपलीतल्या कडीलाच अडकवायचा, माडाला नाही. नाहीतर टोपली हलली की माणूस ओढला जातो. हाताशी न येणाऱ्या नारळासाठी कठड्यावर चढायचं नाही, टोपलीच जवळ घ्यायची.

दुपारी खारा वारा वाढतो. बऱ्याच यंत्रांना ताशी 45 किलोमीटरपर्यंतच वारा चालतो. काहींना तेवढाही नाही. झावळ्या जोरात हलू लागल्या की टोपली खाली घ्यावी, उरलेले दोन माड उद्या. जवळून तार जात असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय काम नको. टोपली तारेला लागली तर खालच्यांनी गाडीला हातही लावू नये.

खाली एक माणूस कायम हवा, मोबाइलवर बोलत बसणारा नव्हे. वरच्याला काही झालं तर टोपली खालून उतरवायची सोय गाडीत असते. ती कुठं आहे आणि कशी चालते, हे त्या माणसानं टोपली वर जाण्याआधीच एकदा करून पाहावं.