फिर्यादीला वशिला लागत नाही

(मुरुम येथील कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतीमालाचा भाव हा आपला मूळ प्रश्न. तो बाजूला ठेवून आज पोलीस ठाण्यावर बोलायला उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण हिशेब करून बघा. शेतकऱ्याला तीन दारे चुकत नाहीत : तलाठ्याचे, सोसायटीचे आणि ठाण्याचे. पहिल्या दोन दारांत कोणता कागद लागतो हे आपल्याला तोंडपाठ आहे. सातबारा, आठ-अ, फेरफार, बेबाकी. तिसऱ्या दारात जाताना मात्र आपण कागद शोधत नाही, ओळखीचा माणूस शोधतो. विहिरीवरची मोटार गेली की आधी पुढाऱ्याची ओसरी, त्याने फोन केला की मग ठाणे. जे काम कायद्याने हक्काचे, ते उपकार म्हणून पदरात पडते आणि तो उपकार निवडणुकीत फेडावा लागतो. आंदोलनाच्या दिवशी तोच पुढारी त्याच ठाण्याला दुसरा फोन करतो, तो आपल्याविरुद्ध.

म्हणून आज एवढेच सांगायचे आहे : ठाण्याचा अधिकार लिहिलेला आहे आणि ठाण्याचे कर्तव्यही लिहिलेले आहे. दोन्ही समजून घेऊन ठाण्याची पायरी चढायची.

ठाणे कोणाच्या हाताखाली?

मुरुमला नगरपरिषद आहे, म्हणून गावचे पोलीस नगरपरिषदेच्या हाताखाली, असा काहींचा समज आहे. अमेरिकेत लहान लहान शहरांनासुद्धा स्वतःचे पोलीस खाते असते आणि त्याचा प्रमुख शहराचे कारभारी नेमतात. आपल्या घटनेने पोलीस हा विषय राज्य सरकारकडे दिला. मुरुमचे ठाणेदार उमरग्याच्या उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना जबाबदार, ते धाराशिवच्या पोलीस अधीक्षकांना, आणि अधीक्षक छत्रपती संभाजीनगरच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांना. या साखळीत नगराध्यक्ष नाही, बाजार समितीचा सभापती नाही, कारखान्याचा चेअरमन नाही, आमदारही नाही. अमक्याचा गुन्हा नोंदवा, तमक्याचा नोंदवू नका, असे ठाणेदाराला सांगण्याचा अधिकार कायद्याने यांपैकी एकालाही दिलेला नाही.

आपल्या मुलखात ठाण्याची भीती जुनी आहे. १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य होते. शेवटी रझाकारांचा धुमाकूळ झाला, मग त्या वर्षीच्या सप्टेंबरात भारत सरकारने हैदराबादवर कारवाई केली. कारवाई सैन्याची, पण लोकांच्या तोंडी नाव बसले 'पोलीस ॲक्शन'. जुनी माणसे स्वतःचे वयसुद्धा पोलीस ॲक्शनपासून मोजत. पोलीस म्हणजे कधी मारणारी, कधी सोडवणारी सत्ता, एवढे आपण शिकलो. तिच्याकडे लेखी उत्तर मागायचे असते, ही सवय तेवढी रुजली नाही.

कर्तव्याची यादी

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ सालचा. त्याच्या ६४ व्या आणि ६६ व्या कलमांत पोलिसाची कर्तव्ये दिली आहेत. गुन्ह्याची खबर काढणे, गुन्हा होऊ न देणे, रस्त्यात पडलेल्या असहाय माणसाला मदत करणे, अटकेतल्या माणसाच्या अन्नपाण्याची आणि औषधाची सोय करणे, झडती घेताना विनाकारण उर्मटपणा न करणे, बायका-मुलांशी सभ्यतेने वागणे, आग आणि अपघात टाळण्यासाठी झटणे. ही कोणा सज्जन फौजदाराची मर्जी नव्हे. हा कायदा आहे.

सगळ्यात मोठे कर्तव्य फिर्याद घेण्याचे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचे कलम १७३ प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी ठाण्याने ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि नक्कल फुकट द्यायची. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यायचीच. मुरुमसाठी ही हद्दीची गोष्ट फार मोलाची आहे. आपल्या पलीकडे कर्नाटक लागते. टेम्पो इथून भरतो, माल आळंद किंवा कलबुर्गीला उतरतो, आणि फसलेल्या शेतकऱ्याला इकडचे ठाणे तिकडे नि तिकडचे इकडे पाठवते. आता तसे पाठवता येत नाही. आधी नोंद, मग कागद योग्य त्या ठाण्याकडे. फिर्याद घेणे बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ सालीच ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे.

यात एक अट ध्यानात ठेवा. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांच्या परवानगीने, ठाणे चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकते. 'बघतो, चौकशी करतो' असे उत्तर मिळाले तर तारीख मांडून ठेवा आणि पंधराव्या दिवशी हजर व्हा.

दुसरी अट केबल-मोटारीच्या चोरीची. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र झाली आहे. अदखलपात्र म्हणजे ठाणे वहीत नोंद घेते, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय तपास करू शकत नाही. तेव्हा केबलची पावती जपून ठेवा, किती फूट गेली, स्टार्टर गेला का, हे सगळे फिर्यादीत लिहा. किंमत खरी लिहा. वाढवून लिहिलेली किंमत कोर्टात उघडी पडते आणि खऱ्या चोरीची केसही तिच्याबरोबर बुडते.

फिर्याद घेतलीच नाही तर? तीच हकीकत कागदावर लिहून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, पोचपावती ठेवा. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. हा रस्ता त्याच कलमात दिलेला आहे.

ठाण्याचे नसलेले काम

आता कडू बोलतो. बांधाचे भांडण झाले की काही जण फौजदाराकडे जातात आणि 'त्याला जरा दोन टोले द्या' म्हणतात. बांध कोणाचा हे ठरवण्याचा अधिकार पोलिसाला नाही. तो मोजणी खात्याचा, तहसीलदाराचा आणि दिवाणी कोर्टाचा विषय. आज शेजाऱ्याला ठाण्यात बसवून घेतले, तर उद्या शेजारीही तेच करील. कायद्याने न दिलेला अधिकार पोलिसाच्या हातात आपणच ठेवायचा आणि आंदोलनात तोच आपल्या पाठीवर पडला की ओरडायचे, हे चालणार नाही.

व्यापाऱ्याने पैसे थकवले, एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सुरुवातीपासून बुडवायचा हेतू होता हे दिसले पाहिजे. खोटे नाव, खोटा पत्ता, दहा गावांचा माल उचलून एका रात्रीत गायब होणे, अशा गोष्टी फिर्यादीत आल्या पाहिजेत, आणि फसलेल्या सगळ्यांनी एकत्र गेले पाहिजे. नुसती थकबाकी असेल तर बाजार समितीकडे लेखी तक्रार. चेक परत आला तर बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि त्यानंतर महिनाभरात कोर्टात तक्रार. तिथे ठाण्यात खेटे घालण्यात ही मुदत वाया जाते.

विनापरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची. २०१४ च्या कायद्याने जिल्हा उपनिबंधकांना चौकशीअंती बळकावलेली जमीन परत करण्याचा हुकूम देता येतो. सावकाराने घरात घुसून धमकावले, मारले, तर तो भाग ठाण्याचा.

बियाण्याचेही असेच. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान सत्तर टक्के असायला हवी, हे आम्ही शेतकी कॉलेजात घोकले. पण उगवण झाली नाही तर पंचनाम्याशिवाय ते आकडे कामाचे नाहीत. पिशवी, टॅग आणि पावती ठेवायची, तालुक्याच्या तक्रार निवारण समितीला तातडीने शेत दाखवायचे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या वर्षीसुद्धा ज्याच्याकडे टॅग होता त्याचेच म्हणणे टिकणार होते.

आपल्यावर चालणारा अधिकार

आंदोलन जाहीर केले की कार्यकर्त्यांच्या घरी नोटीस येते. पूर्वी कलम १४९ ची, आता १६८ ची. घरची माणसे घाबरतात. ही नोटीस म्हणजे गुन्हा नाही, शिक्षा नाही, सभेला बंदीही नाही. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून दिलेली ती समज आहे. ती सही करून घ्यायची, तारीख घालायची आणि फाईलला लावायची. कलम १७० खाली प्रतिबंधक अटक होऊ शकते, पण गुन्ह्याचा बेत असल्याचे कळले असेल आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तो थांबत नसेल तरच. तीही चोवीस तासांपुरती. त्यापुढे ठेवायचे तर दुसरे कायदेशीर कारण लागते.

जमावबंदीचा हुकूम ठाणेदार काढत नाही. पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली तो जिल्हा दंडाधिकारी काढतात, आणि राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय तो पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. 'सभेला बंदी आहे' असे कोणी म्हटले तर हुकुमाचा क्रमांक आणि तारीख विचारा. १९७२ साली अहमदाबादच्या एका प्रकरणात, याच पोलीस कायद्याखालच्या नियमाबद्दल, सुप्रीम कोर्टाने सांगितले की रस्त्यावरच्या सभांना शिस्त लावता येते, सरसकट मनाई करता येत नाही.

कोणाला धरले तर कारण सांगावे लागते, नातेवाइकाला कळवावे लागते, वकिलाला भेटू द्यावे लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. नातेवाइकाला कळवण्याचे आणि वकिलाला भेटू देण्याचे नियम सुप्रीम कोर्टाने १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात घालून दिले. बाईला सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत अटक करायची तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते. साक्षीसाठी बाईला किंवा साठ वर्षांवरच्या माणसाला ठाण्यात खेचता येत नाही, पोलिसांनी घरी यायचे. ठाण्यात आवाजासह कॅमेरे पाहिजेत, हा हुकूम डिसेंबर २०२० चा.

हे नुसते पुस्तकी वाटेल. पण आठवा. एप्रिल १९८१ मध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात गोवारी बांधवांचा मोर्चा अडला आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पवनेच्या जलवाहिनीच्या आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकरी मेले. जमाव पांगवण्याआधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो, बळ त्यानंतर. तो हुकूम शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल, लोकांना निघायला वाट राहील आणि आपल्यातला कोणी दगड उचलणार नाही, याची व्यवस्था करणे हे संघटनेचेही काम आहे. कायदा तोडायचा तर सत्याग्रहाने, जाहीर सांगून, तुरुंगात जायच्या तयारीने.

आणि समोर काठी घेऊन उभा असलेला शिपाई बहुधा शेतकऱ्याचाच पोरगा असतो. त्याच्या बापाच्याही तुरीला भाव नाही. त्याला शिवी देऊ नका. ठाण्यात माणसे थोडी, बंदोबस्त फार, सणाला घर नाही, हेही खरे आहे.

गावाने करायचे काम

प्रत्येक शाखेने दोन माणसे नेमावीत, त्यांतली एक बाई असावी. फिर्याद लिहायला, नक्कल घ्यायला, रजिस्टर पोस्ट करायला या दोघांनी सोबत जायचे. शाखेने एक वही घालावी : कोण गेले, कधी गेले, काय उत्तर मिळाले, नक्कल मिळाली की नाही. तीन महिन्यांनी सगळ्या वह्या एकत्र करून आपण उमरग्याला उपविभागीय अधिकाऱ्यांना भेटू. मोघम गाऱ्हाणे सांगायचे नाही, तारखा दाखवायच्या. ज्या ठाण्याने चांगले काम केले, त्याचीही नोंद त्याच वहीत असेल आणि तीही वाचून दाखवू.

वहीचे पहिले पान आज इथून जायच्या आधी भरा. मोटार, केबल, जनावर, धान्य, ज्याचे काही गेले आहे आणि नोंद झालेली नाही, त्यांनी नावे द्यावीत. उद्या सकाळी दहा वाजता त्या सगळ्यांनी मिळून ठाण्यात जायचे आहे.