वर्षाला एक शब्द

(गुढीपाडवा, रविवार दि. ३० मार्च २०२५ रोजी सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण)

सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. खाली श्रीखंड-पुरी वाट पाहते आहे, म्हणून मी आठच घेईन. थोडी शिल्लक ठेवायची, ही बँकेतली सवय.

आज पाडवा आणि उद्या ३१ मार्च. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला खरी धास्ती उद्याची! मी नोकरीला लागलो तेव्हा मात्र बँकांचं हिशेबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. ते ३१ मार्चवर आलं १९८९ पासून. त्यामुळे तरुणपणातली माझी प्रत्येक ३१ डिसेंबरची रात्र ब्रँचमध्ये लेजरं जुळवण्यात गेली. रात्री एक-दीडला ताळा जमला की चहा व्हायचा, आणि मी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर संकल्प लिहायचो. पहाटे उठणे. सिगारेट बंद. रोजचा जमाखर्च. मुलांचा अभ्यास घेणे.

मध्यंतरी त्या डायऱ्या रद्दीत घालताना चाळल्या. दरवर्षी तेच चार संकल्प! अक्षर तेवढं बिघडत गेलेलं. बँकेत एखादी रक्कम नक्की कुठल्या खात्याची ते कळेना, की ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. माझे संकल्प वर्षानुवर्षं सस्पेन्समध्येच पडून होते. तसंही आपल्याकडे पूजेला बसलं की हातावर पळीभर पाणी घेऊन ते ताम्हनात सोडतात आणि त्याला संकल्प 'सोडणं' म्हणतात. मी ते फारच मनावर घेतलं होतं.

दोन वर्षांपूर्वी नात म्हणाली, "आजोबा, संकल्प नका करू. वर्षासाठी एकच शब्द घ्या आणि वर्षभर तो सांभाळा." परदेशात पुष्कळ लोक असं करतात म्हणे. मला त्यात फार नवल वाटलं नाही. आपल्या पंचांगात प्रत्येक वर्षाला नाव असतंच की! प्रभवपासून क्षयपर्यंत साठ संवत्सरं. आज विश्वावसू सुरू झालं. गेल्या पाडव्याला सुरू झालं होतं त्याचं नाव क्रोधी. ते ऐकून सौ. म्हणाली होती, "हे तुमच्यासाठीच ठेवलेलं दिसतंय."

संकल्पाचं कर्जाच्या हप्त्यासारखं असतं. दोन-तीन हप्ते चुकले की खातं थकीत होतं आणि आपण मनातल्या मनात ते बुडीतच धरतो. शब्दाला हप्ता नसतो. काल चुकलं तरी आज तो पुन्हा समोर येऊन उभा राहतो.

पण शब्दही चुकीचा घेता येतो. २०२३ च्या पाडव्याला मी घेतला 'शिस्त'. वेळेवर उठायचं, लिफ्ट असली तरी जिन्याने जायचं, बरोबर पावणेसातला फिरायला खाली उतरायचं. घरच्यांनाही मी शिस्त लावू लागलो. सौ. म्हणायची, "शिस्त तुमची, शिक्षा आम्हाला."

त्या वर्षीच्या थंडीतली एक सकाळ मला सांगायची आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर एकटे राहायचे. नाव घेत नाही, आपल्या सर्वांना ते माहीत आहेत. त्या दिवशी पावणेसातला उतरताना त्यांच्या कडीला दुधाची पिशवी दिसली. आठ वाजता परत चढलो तरी ती तिथेच, आणि खाली वर्तमानपत्र. मी थबकलो. बेलवर बोट ठेवणार, तेवढ्यात वाटलं, झोपले असतील. उगाच कशाला? दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, हीही शिस्तच. आणि मी वर गेलो.

अकराला कामवाल्या मावशी आल्या. बेल वाजवून दार उघडेना तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला. आपल्याच मुलांनी दार तोडलं. मास्तर पहाटे साडेपाचपासून बाथरूममध्ये पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. मला बघून ते हसले. म्हणाले, "तुमच्या चपलांचा आवाज मी ओळखतो. पावणेसातला खाली गेलात, आठला वर आलात. दोन्ही वेळा हाक मारली. बाहेर पोचली नसेल."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. पिशवी दिसली होती, हे मी त्यांना त्या दिवशी सांगू शकलो नाही. सौ.लासुद्धा दोन दिवसांनी सांगितलं.

पुढच्या पाडव्याला मी तिलाच म्हटलं, यंदा शब्द तू दे. ती म्हणाली, "शिस्त तुमच्याकडे होतीच. भरलेल्या खात्यात आणखी भर कशाला? जिथे शिल्लक शून्य आहे, तिथे जमा करा." आणि शब्द दिला, 'विचारपूस'.

मंडळी, पस्तीस वर्षं काउंटरपलीकडच्या माणसाला मी "बोला" एवढंच म्हणत आलो. "कसे आहात?" म्हणायला जीभ वळेना. सुरुवातीला तर घोटाळेच झाले. बी विंगमध्ये नव्या आलेल्या एका मुलीला मी नोकरी, पगार, माहेर, सगळं विचारून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, ही चौकशी झाली." बरोबर बोलली. बँकेत 'चौकशी' लागली की माणसाची झोप उडायची, ते मी विसरलो होतो. चौकशी आपल्यासाठी असते, विचारपूस समोरच्यासाठी. पुसणं म्हणजे विचारणं, आणि डोळे पुसणंही पुसणंच.

रोज रात्री डायरीत एक ओळ लिहायची, आज कुणाची विचारपूस केली? बँकेत रोजचा हिशेब रोज जुळवतात, ३१ मार्चची वाट पाहत नाहीत, तसंच. कित्येक पानं कोरी आहेत, हे कबूल करतो. पण वॉचमनची मुलगी बारावीला आहे, हे मला पाच वर्षांत पहिल्यांदा कळलं. आमच्या वरच्या फ्लॅटमधून होणाऱ्या गळतीवरून आम्ही दोन्ही घरं चार वर्षं फक्त कमिटीमार्फत पत्रांनी बोलत होतो. त्यांच्या आई आजारी पडल्या तेव्हा मी वर जाऊन आलो. गळती अजून थांबलेली नाही. पत्रं थांबली.

आणि मास्तरांना फोन केला. ते आता मुलाकडे बंगळूरला असतात. पिशवीचं सांगून टाकलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता दिसली तर बेल वाजवा."

आमच्या जिन्यावर आम्ही आता तेच करतो. आठनंतर कुणाच्या दाराला दुधाची पिशवी दिसली, की जो जाईल त्याने बेल वाजवायची. झोपमोड झाली तर माफी मागायची. पंचविसाव्या वर्षी बाकीच्या जिन्यांनीही हे करून पाहावं, अशी माझी विनंती आहे. त्याला ठराव नको, वर्गणीही नको.

शब्द घ्यायचा असेल तर अनुभवाचं एवढंच सांगतो. तो एकच घ्या, करता येण्यासारखा घ्या, आणि शक्यतो घरच्या माणसाकडून मागून घ्या. आपली उधारी त्यांना बरोबर ठाऊक असते. माझा यंदाचा शब्द अजून ठरायचा आहे. सौ.ने दोन सुचवलेत. दोन्ही मला आवडलेले नाहीत, म्हणजे त्यातलाच एक असणार.

चला, श्रीखंडाला आणखी उशीर नको.