झिऱ्याचं पाणी कुठल्या पावसाचं?
(वनहक्क शिबिरातलं भाषण)



दाव्याच्या नकाशात आपण झिरा दाखवतो. पण झिऱ्यात पाणी येतं कुठनं? डोंगरातनं, असं आपण म्हणतो. डोंगराच्या कुठल्या भागातनं, कुठल्या सालच्या पावसाचं? हे तपासायची एक रीत आहे. ती आज समजून घेऊ.

पावसाच्या पाण्यात ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन अगदी थोडा असतो. आभाळापलीकडून येणाऱ्या किरणांमुळे तो वर हवेत आपोआप तयार होतो. घाबरायचं कारण नाही, आपले आजे-पणजेही तेच पाणी प्यायले. पाणी जमिनीत मुरलं की त्यात नवा ट्रिटियम येत नाही. असलेला सुमारे १२ वर्षांत निम्मा होतो, पुढच्या १२ वर्षांत पाव उरतो. म्हणून प्रयोगशाळेत तो मोजला की पाणी किती जुनं याचा अंदाज येतो.

१९५२ पासून मोठ्या देशांनी हायड्रोजन बॉम्ब हवेत फोडून पाहिले. त्यातला ट्रिटियम जगभरच्या पावसात उतरला, १९६३ च्या सुमारास सगळ्यात जास्त. एखाद्या बोअरच्या पाण्यात ट्रिटियम जवळजवळ नाहीच, तर ते बॉम्बच्या आधीच्या पावसाचं. असं पाणी उपसलं तर लवकर भरून येत नाही.

उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातल्या गौचर भागातले झरे उन्हाळ्यात आटायचे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी तपासलं. ट्रिटियमसोबत पाण्यातला जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजनही मोजला. हे दोन किरणोत्सारी नाहीत. जितकं उंच जावं तितके ते पावसात कमी होतात. त्यावरून कुठल्या उंचीवरचा पाऊस झऱ्यात येतो ते कळलं. तिथंच वर पाणी अडवलं, मुरवलं. खाली झऱ्यांचं पाणी वाढलं.

आपण यातनं काय घ्यायचं? झिरा खाली, त्याचं मूळ वर. वरचं जंगल दाव्याबाहेर राहिलं आणि तिथं तोड झाली, खाण आली, तर झिरा कागदावर आपला राहील, पाणी जाईल. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. तो वापरायचा.

तर गावी गेल्यावर तीन कामं करू. जाणत्या माणसांना घेऊन प्रत्येक झिऱ्याच्या वर चढून जाऊ. कुठला झिरा होळीला आटतो, कुठला वैशाखातही वाहतो, ते लिहून ठेवू. दाव्याची हद्द पार माथ्यापर्यंत नेऊ. आणि पाणी तपासायला कुणी आलं तर आधी ग्रामसभेत बोलावू. बाटलीत पाणी नेणार, की जमिनीत काही घालणार? काही ठिकाणी पाणी किती खोल मुरतं ते बघायला मातीत ट्रिटियम घालतात. हे विचारूनच हो म्हणायचं. जे निघेल ते मराठीत, लेखी, ग्रामसभेला मिळालं पाहिजे.

पाणी आपलं, तर त्याची माहितीही आपलीच. जिंदाबाद!