नोकरी जाईल, माणूसपण जाऊ देऊ नका
(गडहिंग्लज येथे नोकरदार तरुण व त्यांचे पालक यांच्यापुढे एका वकिलाने केलेले भाषण)



गेल्या महिन्यात याच तालुक्यातील एक तरुण माझ्या कचेरीत आला. पुण्यातील एका मोठ्या संगणक कंपनीत तो नऊ वर्षे काम करीत आहे. त्याला कामावरून कमी केले असावे, असे समजून मी कागद मागितले. तो म्हणाला, "वकीलसाहेब, माझी नोकरी शाबूत आहे. आमच्याकडे दीड वर्षात तीनदा माणसे कमी केली. तिन्ही वेळा मी राहिलो. पण आता रात्री झोप लागत नाही. सोमवारी शेजारची खुर्ची रिकामी दिसते आणि तो कोठे गेला, हे कोणी विचारीत नाही. कायद्यात यावर काही इलाज आहे काय?"

भीतीवर इलाज करणारे कलम माझ्याजवळ नव्हते. परंतु त्याचा प्रश्न एकट्याचा नाही, म्हणून तो मी आज आपणांसमोर मांडीत आहे.

गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागांतून पूर्वी माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्या गिरण्यांत आपल्या आजोबा-पणजोबांना चांगल्या पगाराचे विणकाम खाते बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून त्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर लाखो गिरणी कामगार देशोधडीला लागले. आज त्यांचीच नातवंडे शिक्षणाच्या बळावर हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत बसतात. दार उघडले, ही मोठी गोष्ट झाली. पण दाराच्या आत माणूस ताठ मानेने बसतो की धास्तीने, हे पाहणे आता आपले काम आहे.

धास्तीचे कारण काल्पनिक नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे वर्षभरात कमी करण्याचे जाहीर केले. त्या वर्षी जूनअखेर तिच्याकडे ६,१३,०६९ कर्मचारी होते; सप्टेंबरअखेर ५,९३,३१४ राहिले. तीन महिन्यांत १९,७५५ कमी झाले. त्यांत आपणहून गेलेलेही आले. त्याआधी जूनमध्ये तिने नियम केला होता की, कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असावे आणि कामाविना ३५ दिवसांहून अधिक राहू नये. अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये १८,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, मार्चमध्ये आणखी ९,०००, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा १४,०००. साथीच्या काळात केलेली बेसुमार भरती, ग्राहकांची काटकसर आणि माणसाचे काम करू लागलेली नवी यंत्रबुद्धी, ही त्याची कारणे सांगितली जातात.

आता हे नीट लक्षात घ्या. साखर कारखान्यातील हंगामी कामगारालाही हंगाम संपल्यावर घरी बसावे लागते. परंतु गाळप केव्हा संपते, हे त्याला ठाऊक असते. तो उधारी, लग्नकार्य, मुलांची फी त्या हिशेबाने बसवितो. संगणक कंपनीतील तरुणाचा पगार त्याच्या कित्येक पट आहे. पण आपली पाळी केव्हा, कोणत्या कसोटीवर येणार, हे त्याला कोणी सांगत नाही. दुःखाची तारीख माहीत असली, तर माणूस तयारी करतो. तारीख नसलेले दुःख रोज भोगावे लागते.

एकदा केलेली कपात जखम करते. वारंवार केलेली कपात स्वभाव बदलते. माणूस आपले ज्ञान शेजाऱ्यापासून लपवितो, कारण शेजारी शिकला तर आपली गरज संपेल असे त्याला वाटते. वरिष्ठाची चूक दिसली तरी तो गप्प बसतो. आजारी असता रजा मागत नाही. ज्यांना बाहेर काम मिळू शकते ते हुशार लोक प्रथम निघून जातात, आणि मागे राहिलेले केवळ दिसण्यापुरते राबतात. मग मालकाने वाचविले काय? जाणाऱ्याला कसे वागविले जाते, हे राहणारा पाहत असतो, आणि त्यावरूनच आपली किंमत ओळखतो. ज्याला कपात टाळणे खरोखरच अशक्य आहे त्याने ती एकदाच करावी, किती व कोणत्या निकषावर ते सांगावे, आणि जाणाऱ्याचे देणे सन्मानाने चुकते करावे.

निकषाचा आग्रह आपण विशेष धरला पाहिजे. खाजगी कंपनीत आरक्षण नाही. जेथे निकष गुप्त असतो तेथे ओळख, वशिला आणि पूर्वग्रह यांना जागा सापडते. ती जागा कोणाविरुद्ध वापरली जाते, हे आपणांस शिकविण्याची आवश्यकता नाही.

आता कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनेस कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. पण ही अट कारखाने, खाणी व मळे यांना आहे, संगणक कंपनीच्या कचेरीला नाही. तथापि जो कायद्याने 'कामगार' ठरतो आणि ज्याची वर्षाची सलग नोकरी झाली आहे, त्याला एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार मिळालाच पाहिजे. शेवटी आलेला प्रथम जावा, हा सामान्य नियम आहे. तो मोडावयाचा तर मालकाने कारण नोंदविले पाहिजे.

"तुम्ही व्यवस्थापक, कामगार नव्हे," असे सांगितले जाते. हुद्द्याने भुलू नका. प्रत्यक्ष काम कोणते करता, हे न्यायालय पाहते. २०१५ मध्ये काढून टाकलेल्या टाटा कन्सल्टन्सीच्या एका कर्मचाऱ्यास चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये कामगार मानले आणि पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. त्यास सात वर्षे लागली, हेही विसरू नका.

म्हणून त्या तरुणाला मी चार गोष्टी सांगितल्या; त्याच आपणांस सांगतो. पहिली, दबावाखाली त्याच दिवशी राजीनाम्यावर सही करू नका. स्वेच्छेचा राजीनामा दिला की कपातीची भरपाई मागणे कठीण होते. विचाराला वेळ मागा, आणि तो लेखी मागा. दुसरी, नेमणूकपत्र, पगारपत्रके, कामाचे वार्षिक मूल्यमापन यांच्या प्रती घरी ठेवा. कंपनीची गुपिते मात्र नेऊ नका. तिसरी, तक्रारीला मुदत असते. दुःख करीत ती दवडू नका. चौथी, एकटे राहू नका. कामगार संघाच्या नोंदणीचा अर्ज सात जणांनाही करता येतो. पुण्यात संगणक कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, आणि त्यांनी कामगार आयुक्तांपर्यंत तक्रारी नेल्या आहेत. १९३८ मध्ये संपाच्या हक्कावर बंधन घालणारे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला कामगार संपावर गेले. पांढरपेशी खुर्ची मिळाली म्हणून आपण त्या कामगारांहून निराळे झालो, असे कोणी समजू नये.

पालकहो, शेवटचे आपणांस सांगावयाचे आहे. आपल्या पुष्कळ घरांत हा पहिलाच मोठा पगार आहे. त्यावर घराचे कर्ज, धाकट्याचे शिक्षण, बहिणीचे लग्न उभे आहे. म्हणून मुलगा वा मुलगी घाबरली तरी घरी बोलत नाही. नोकरी गेलीच, तर "तुझेच काही चुकले असेल," हे वाक्य आपल्या तोंडून येऊ देऊ नका. गावाला खोटे सांगण्याचे ओझे त्यांच्यावर लादू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नवे कर्ज काढू नका.

माणसाची किंमत जन्मावरून ठरत नाही, हे आपण मोठ्या किमतीने शिकलो. ती गळ्यात अडकविलेल्या कंपनीच्या ओळखपत्रावरूनही ठरत नाही. तो तरुण जाताना म्हणाला, "सोमवारी मी त्या मित्राला फोन करून तो कसा आहे, हे विचारीन." माझ्या मते इलाजाला तेथूनच सुरुवात होते. आपणही आपल्या ओळखीतील एका रिकाम्या खुर्चीची चौकशी करा.

जयभीम!