हात आधी, शब्द नंतर

मावळात पाऊस लागला की कुत्र्याला हाक मारून भागत नाही. पत्र्यावर सर कोसळत असते, ओढा गर्जत असतो आणि खाचरापलीकडच्या बांधावर उभ्या कुत्र्यापर्यंत आपला शब्द पोचत नाही. मग माणसं आणखी मोठ्यानं ओरडतात. लोणावळ्याच्या बंगल्यांतून तर ‘सिट, सिट, सिट’ असा जप चालतो. अहो, ते तुमच्याकडे टक लावून बघतंय, त्याला हातानं सांगा ना!

‘बस’ हा शब्द तुमच्या कुत्र्याला कळतोच. आता तळहात वर ठेवून हात कमरेपासून छातीपर्यंत उचला. क्षणभर थांबा. मग ‘बस’ म्हणा. बसलं की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. (चिक्की मुळीच नको, लोणावळेकरांनो, कितीही लाडकं असलं तरी.) थोड्याच दिवसांत ते शब्दाची वाट न बघता बसू लागेल. तिथं शब्द गाळायचा. हात आणि शब्द एकदम दिलेत, तर ओळखीच्या शब्दावरच ते काम भागवतं आणि हाताकडे बघतही नाही. म्हणून पुन्हा सांगतो, हात आधी, शब्द नंतर.

एसटीत कंडक्टर डबल बेल मारतो आणि ड्रायव्हर मागे न बघता गाडी काढतो. आधी बेल, मग गाडी. गाडी सुटल्यावर मारलेल्या बेलला काय अर्थ? कामशेतच्या कंडक्टरची डबल बेल म्हणजे ‘चला’ आणि वडगावला चढलेल्या दुसऱ्याची म्हणजे ‘थांबा’, असं झालं तर ड्रायव्हरनं करायचं काय? घरोघरी हेच चाललंय. आजोबा बोट दाखवतात, नातू चुटकी वाजवतो, वहिनी नुसती मान हलवतात. आधी घरातल्यांनी एक खूण ठरवा, मग कुत्र्याला दोष द्या.

गावठी कुत्र्याला हे जमत नाही, असं तर म्हणूच नका. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवून त्यांतलं एक हातानं दाखवलं. काही कुत्री बिचकून जवळच आली नाहीत. पण जी आली, त्यांतल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी दाखवलेलंच भांडं गाठलं. हे २०२० साली प्रसिद्ध झालंय. त्या कुत्र्यांना कुणी शिकवलं नव्हतं!

आपल्याच तालुक्यात सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. ३० जुलै २०१४ला दरड कोसळून माळीण गाव गाडलं गेलं, तेव्हा या दलाचे जवान तिकडे धावले होते. ढिगाऱ्याखालची क्षीण हाक ऐकायची तर वरच्यांनी गप्प राहायला हवं. अशा वेळी माणसं शोधणाऱ्या श्वानाला लांबून दिशा दाखवायला हातच उपयोगी.

खूण खांद्यापासून, मोठी करा. कुत्र्याला लाल आणि हिरवा हे रंग नीट वेगळे कळत नाहीत. हिरव्या डोंगरापुढे लाल रेनकोटची बाही त्याला उठून दिसत नाही, निळी दिसते. दाट धुक्यात मात्र हातही दिसत नाही. तिथं शिट्टी लागते. तिचंही शिक्षण असतं, पण वेळ थोडा उरलाय.

म्हातारपणी कुत्र्याचे कान जातात. ज्याला हाताची भाषा येते, त्याच्याशी तेव्हाही बोलता येतं. फक्त ते झोपलेलं असताना एकदम अंगाला हात लावू नका, आधी जमिनीवर पाय आपटा, म्हणजे हादरा... असो, तो वेगळा विषय आहे.

आज संध्याकाळी भाकरी घालण्याआधी ‘बस’ची खूण चार-पाच वेळा घ्या. जास्त नको, कंटाळतं ते. पुन्हा उद्या.