संगणकाच्या दारातील गर्दी

रेल्वेच्या तत्काळ तिकिटांसाठी देशभरातील असंख्य प्रवासी एकाच क्षणी संगणकाचे दार ठोठावतात. माहितीसाठा सांभाळणाऱ्या संगणकाने प्रत्येकासाठी स्वतंत्र जोडणी उघडली, तर त्याची स्मृती भरून जाते व कोणाचेच काम होत नाही. म्हणून अशा व्यवस्थेत जोडण्या मर्यादित ठेवून उरलेल्यांना रांगेत थांबवावे लागते. वेळापत्रकासारखी क्वचित बदलणारी माहिती निराळ्या संगणकावरून देता येते. आसनाची नोंद मात्र एकाच ठिकाणी व्हावी, अन्यथा एकच आसन दोघांस मिळेल. जून २०१५ पासून वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता व इतर वर्गांचे ११ वाजता सुरू होते, त्यामुळे भार विभागला जातो. दूरच्या खेड्यातील प्रवाशालाही त्याची पाळी मिळावी, यासाठीच ही शिस्त जपली पाहिजे.